घेतलं की लागलं

पंपवाला नाकावर माशी बसू देत नाही, असं गावात म्हणायचे, आणि ते दोन्ही अर्थांनी खरं होतं. एक तर गडी भलताच मानी. दुसरं म्हणजे त्याच्या अंगाला औषधाचा असा वास यायचा की कुठलीही शहाणी माशी चार हात लांबच राहायची. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून तो लग्नाला गेला तरी शेजारी बसलेला माणूस विचारायचा, "आज कोणाच्या रानात होता?"

वीस वर्षं तो पाठीवर पंप घेऊन लोकांच्या कपाशीत फिरत होता. खांद्यांवर पट्ट्यांचे वळ पडून पडून तिथली कातडी वहाणेच्या तळासारखी झाली होती. त्याचं खरं नाव मतदार यादीत तेवढं उरलं होतं. नोझल तुंबलं की तो ते काढून तोंडानं फुंकायचा, बाजूला थुंकायचा आणि परत बसवायचा. फवारणी आटोपली की बांधावर बसून, हात पँटीला पुसून डबा खायचा. "मला औषध ओळखतं," असं सांगायचा. "कुत्रं कसं घरच्या माणसाला चावत नाही, तसं."

म्हणायला काय, बोटांची टोकं गेली दोन वर्षं बधिर होती. शर्टाची बटणं बायको लावून द्यायची. संध्याकाळी दिव्याभोवती त्याला धुकं दिसायचं, ते तो चष्म्याच्या नंबरावर ढकलायचा. चष्मा मात्र त्यानं कधी केला नव्हता.

आता हे औषध म्हणजे काय, ते सांगायला हवं. कीटकनाशक हा शब्द फक्त बाटलीवर. माणसांच्या तोंडी ते औषधच. पिकावर औषध मारतात. मारता मारता एखाद्याला गरगरलं, उलटी झाली, तर त्याला औषध लागलं असं म्हणतात. आणि एखाद्यानं जिवाला कंटाळून बाटली तोंडाला लावली, तर त्यानं औषध घेतलं. लागलं म्हणजे फवारणारा कच्चा. घेतलं म्हणजे घरात काहीतरी बिनसलेलं. लाज दोन्हीकडे आहे, ती कोणाच्या वाट्याला जाते एवढाच फरक. पंपवाल्याकडे वीस वर्षांत कोणाला औषध लागलं नव्हतं, निदान तसं कोणी म्हटलेलं नव्हतं.

मागे एकदा शेतकी खात्याची गाडी आली होती. साहेबांनी सगळ्यांना रांगेत बसवून रबरी हातमोजे वाटले. पंपवाल्यानं एक मोजा चढवला, पाची बोटं वर धरली आणि विचारलं, "काय साहेब, कपाशीचं बाळंतपण करायचंय का?" लोक पोट धरधरून हसले. साहेबसुद्धा हसले. कित्येक महिने तो विनोद गावात पुरला. मोजे कोणी बांधावर टाकले, कोणी पोरांना खेळायला दिले. पंपवाल्याच्या बायकोनं मात्र आपली जोडी घरी आणली, घडी घातली आणि ट्रंकेत ठेवली. ती सातवीपर्यंत शिकली होती. बाटलीवरची बारीक अक्षरं ती वाचायची, आणि तो तिला त्यावरून चिडवायचा.

यंदा मात्र त्याच्यावर वेळ आली होती. कपाशीवर पांढरी माशी बसली ती हटेना. दोन फवारण्या झाल्या, पानांखाली हात फिरवला की परत पिठासारखी उडायची. लोक तोंडावर काही बोलत नव्हते, पण पाठीमागे कुजबुज होती की पंपवाल्याचा हात गेला. मळेवाला, ज्याची सात एकर कपाशी तो दरसाल फवारायचा, एवढंच म्हणाला, "या खेपेला बघू. नाहीतर पलीकडच्या गावात तो मोटारपंपवाला आहेच." हे ऐकून पंपवाला हसला, पण त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

फवारणीच्या दिवशी ऊन सकाळपासूनच तापलं होतं. वारं नव्हतं. नवरा-बायको रानात पोचले तेव्हा मळेवाला दोघा जणांना घेऊन बांधावर उभाच होता. मोटारपंपवाला बोलवायचा की नाही, हे आज ठरणार होतं, आणि ते सगळ्यांनाच माहीत होतं.

दुकानदारानं नवीन बाटली दिली होती. बजावून सांगितलं होतं, टाकीला एकच झाकण, हे कडक आहे. पंपवाल्यानं पिंपातल्या टाकीभर पाण्यात तीन झाकणं ओतली. वर घरातून आणलेली मागच्या सालची पुडी फोडली.

"यावर लिहिलंय," बायको बाटली डोळ्यांजवळ धरून म्हणाली, "दुसऱ्या कशात मिसळू नये."

"लिहिणाऱ्यानं कधी पंप उचललाय का?"

"आणि अंगाला लागू देऊ नये म्हणतायत."

"लिहिणारे काय, लिहितातच."

त्याची एक खासियत होती, आणि तिच्यावरच त्याचं नाव उभं होतं. बाकीचे फवारणारे पिंपातलं औषध काठीनं ढवळायचे. तो म्हणायचा, काठीनं ढवळलं की तळाशी गाळ बसतो. हातानं ढवळलं की एकजीव होतं. हात घालायचा तो कोपरापर्यंत. आधी हे काम त्याचा जोडीदार करायचा, जो विहिरीवरून पाणी वाहायचा म्हणून त्याला सगळे पाणक्या म्हणत. दोन वर्षांपूर्वी पाणक्या गेला. त्यानं औषध घेतलं, असं गावात बोललं गेलं. तेव्हापासून पाणी आणि ढवळणं बायकोकडे आलं. पाणक्याचं घर रानाच्या वाटेवरच होतं. तिथे त्याची बायको आणि म्हातारी आई राहायच्या. पंपवाला मात्र दोन वर्षं त्या वाटेनं न जाता बांधाबांधानं वळसा घालून जायचा. विचारलं तर म्हणायचा, इकडून हवा बरी लागते.

बायकोनं डब्याच्या पिशवीत हात घातला आणि हातमोजे बाहेर काढले.

"आणलेत मी."

त्यानं आधी बांधाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "ठेव ते आत. लोक म्हणतील, पंपवाल्याची बायकोच औषधाला भ्याली."

तिनं ते परत पिशवीत ठेवले. कामावर येताना ती अंगावरच्या कपड्यांवरून त्याचा जुना शर्ट घालायची. त्या शर्टाची बाही वर सारून तिनं पिंपात हात घातला. बोंडांच्या टोकांनी ओरबाडून तिच्या हातावर बारीक बारीक रेघा उठलेल्या होत्या. बाही सारखी खाली घसरत होती आणि भिजत होती. दुसऱ्या टाकीनंतर ती वर सारायचं तिनं सोडून दिलं.

तो ओळीत शिरला. डावा हात दांडा मारत होता, उजव्या हातात नळी. पानांच्या खालून वर, खालून वर. मागे वळून पाहिलं तेव्हा माशी जमिनीवर पडत होती. खरोखर पडत होती. बांधावरून मळेवाल्यानं हात वर केला. पंपवाल्याची छाती फुगली, आणि त्या आनंदात त्यानं पुढच्या टाकीला झाकणं तीनची चार केली.

चौथी टाकी भरायला आला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, हाताला चरचरतंय."

"ढवळ. चारच टाक्या राहिल्यात."

हे आपण आधीही कोणाला तरी म्हटलंय, असं त्याला ओझरतं वाटून गेलं. पण नोझल तुंबलं होतं. त्यानं ते काढलं आणि फुंकलं.

पुढच्या खेपेला तो ओळीबाहेर आला तेव्हा ती पिंपाला टेकून बसली होती, पाय पसरून, जशी ती कधीच बसायची नाही. तोंडातून लाळ गळत होती. घामानं कपाळावरचे केस चिकटले होते. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि हसायचा प्रयत्न केला.

"दोन दोन दिसताय तुम्ही," ती म्हणाली. "एकच पुरे होता."

मग तिला उलटी झाली. दंडाचं, गालाचं मांस आपोआप उडायला लागलं. कपडे खराब झाले. बांधावरची माणसं धावत आली तसा पंपवाला पंप पाठीवरच ठेवून तिच्या आणि त्यांच्या मध्ये उभा राहिला, कोणी बघू नये म्हणून. पहिल्यांदा त्याच्या मनात आलं ते हेच, की हे लोकांनी बघू नये. ती मरेल हे त्याच्या मनात नंतर आलं. पुढे कित्येक दिवस तो हा क्रम उलटा करून आठवायचा प्रयत्न करत होता.

मळेवाल्यानं जीप काढली. सीट खराब होईल म्हणून आधी तिच्यावर रिकामी पोती अंथरली, मग तिला आत घेतलं.

इस्पितळाच्या दारात पांढऱ्या कपड्यांतली सिस्टर उभी होती, हातात कागद. वयानं पोक्त, आवाजानं कोरडी. दोन माणसांनी बायकोला ढकलगाडीवर ठेवलं. सिस्टरनं तिची पापणी वर करून बॅटरी मारली. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती.

"औषध?"

"औषध," पंपवाला म्हणाला.

"घेतलं की लागलं?"

प्रश्न एवढाच होता. तीन शब्दांचा. पंपवाल्यानं तोंड उघडलं. मागे मळेवाला उभा होता, त्याच्याबरोबरचे दोघे उभे होते, आणि आता जे तोंडातून निघेल ते संध्याकाळच्या आत चावडीवर पोचणार होतं.

मळेवालाच पुढे झाला. त्याच्या रानात बाई पडली, हे कागदावर यायला त्यालाही नकोच होतं. पण तो बोलला ते अगदी आपुलकीनं. "लागेल कसं, सिस्टर? हा पंपवाला आहे. वीस वर्षांत ह्याच्याकडे कोणाला लागलेलं नाही. घरात काहीतरी कुरबुर झाली असेल." आणि त्यानं पंपवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला.

पंपवाल्याचीच वीस वर्षांची बढाई होती ती. कोणी परक्यानं नव्हे, त्यानंच ती घरोघरी वाटली होती.

"काय हो?" सिस्टरनं त्याला विचारलं. "घेतलं?"

त्यानं आपल्या वहाणांकडे पाहिलं आणि मान हलवली. हो म्हणाला नाही. पण मान हलवली.

सिस्टरनं कागदावर लिहिलं. गाडी आत गेली. पडद्याबाहेर उभं राहून तो ऐकत होता. तिच्या नाकातून पोटात नळी घालत होते. ती ओकारी काढत होती, गुदमरत होती, आणि सिस्टर म्हणत होती, "गिळा, बाई, गिळा. पिताना नाही का गिळलं?"

दुपार उलटून गेली. मळेवाला केव्हाच परतला होता. तरणी डॉक्टर बाहेर आली. तिच्या कपाळावर आठ्या होत्या.

"पोटातून नुसतं पाणी निघालं," ती म्हणाली. "वाससुद्धा नाही. इंजेक्शनावर इंजेक्शन देतोय, जरा उतार पडतो आणि परत पहिल्यासारखं. काय घेतलं होतं? बाटली आहे?"

त्यानं खिशातून बाटली काढून दिली. आणि थोड्या वेळानं, न विचारताच, "एक पुडी पण होती," असं सांगितलं.

"दोन्ही प्यायली?"

डॉक्टरकडे उत्तराची वाट बघायला वेळ नव्हता. ती बाटली घेऊन आत गेली.

त्याला खाटेजवळ बसू दिलं. खाटा दोन्ही बाजूंना लागून होत्या, आणि खाली जमिनीवरही माणसं होती. तो जमिनीवर उकिडवा बसला. बायकोचा हात खाटेवरून त्याच्या तोंडाशी लोंबत होता, त्याच्याच जुन्या शर्टाच्या बाहीत. घाईत तो शर्ट कोणी काढलाच नव्हता. हात मधूनच उडत होता. शेजारच्या खाटेजवळ एक म्हातारी पदर नाकाला लावून बसली होती. बराच वेळ तिनं कळ काढली, मग म्हणाली, "बाबा, ती बाही तेवढी दुसरीकडे कर. डोळ्यांना झोंबतंय माझ्या."

त्यानं बाही नाकाशी धरली. त्याला कसलाच वास आला नाही. वीस वर्षांत त्याचं नाक मेलं होतं. पण बोटांना, बधिर बोटांनासुद्धा, ओल कळली. बाही अजून ओलीच होती.

म्हणजे सकाळपासून ते तिच्या अंगात मुरतच होतं. वरून सुया चालल्या होत्या आणि खालून बाही.

तो उठला. सिस्टर टेबलाशी काहीतरी लिहीत होती. खिडकीबाहेर दिवस कलला होता.

"सिस्टर, तिचा शर्ट काढता का?"

"का?"

"हात धुवायला पाहिजे तिचा."

सिस्टरनं मान वर केली.

"कोपरापर्यंत," तो म्हणाला.

"कोपरापर्यंत का?"

"ढवळत होती."

सिस्टर ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं कात्री घेतली, साबण घेतला, पाण्याचं घमेलं त्याच्या हातात दिलं आणि खोक्यातून हातमोज्यांची एक जोडी काढून त्याच्यापुढे टाकली. "हे घाला आधी."

त्याला ते घालता येईनात. बोटं बधिर, मोजा पातळ. दोन बोटं एकाच खोबणीत जायची. दोनदा मोजा हातातून निसटून पडला. शेवटी सिस्टरनं घमेलं खाली ठेवलं, त्याचा हात धरला आणि लहान पोराला स्वेटर घालावा तसं एकेक बोट आत घालून दिलं. सगळ्या खाटांवरून माणसं बघत होती. कोणी हसलं नाही.

सिस्टरनं शर्ट कापून काढला. आतला हात कोपरापर्यंत लालभडक, सुजलेला. साबणानं धुतला, परत धुतला, मान धुतली, केस धुतले, कापलेला शर्ट पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधलं. तो घमेली रिकामी करत होता आणि भरून आणत होता.

"प्यायलेल्याचं पोट धुतात," सिस्टर हळू म्हणाली. "लागलेल्याचं अंग धुतात. दारात विचारते ते चौकशीसाठी नाही विचारत मी."

"चुकलं," तो म्हणाला.

"या हंगामातली ही अकरावी. अकराही जणांपुढे 'घेतलं' लिहिलंय. माझ्याच अक्षरात." तिनं त्याच्याकडे पाहिलं. "इतकं काय दुःख आहे हो तुमच्या भागात?"

तो घमेलं उचलायला वाकला.

"कागद पोलिसांकडे गेलाय. आता हवालदार येतील तेव्हा त्यांना तुम्हीच सांगा."

"सांगतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गावातून बाया बघायला आल्या. बायको गुंगीत होती. बाया खाटेभोवती उभ्या राहून हळहळल्या. एक म्हणाली, काही कमी होतं का बाई तुला. दुसरी पंपवाल्याला म्हणाली, तुम्ही काही मनाला लावून घेऊ नका, एकेकीचा स्वभावच असतो तसा. त्यानं त्यांना जिन्यापर्यंत पोचवलं. तेव्हा सांगता आलं असतं. प्रत्येक पायरीवर त्याला वाटलं की पुढच्या पायरीवर सांगू, आणि मग पायऱ्या संपल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं डोळे नीट उघडले. बाहुल्या पहिल्यासारख्या काळ्याभोर झाल्या होत्या. नळीनं घसा सोलला होता, आवाज फुटत नव्हता.

"टाक्या पुऱ्या झाल्या का?" तिनं विचारलं.

त्याला रडू आलं. तो काही बोलायच्या आत हवालदार आला, वही उघडून स्टुलावर बसला आणि खिशात पेन शोधायला लागला. साधा, घामाघूम झालेला माणूस. त्याला असे चार जबाब घ्यायचे होते.

"बाई, शुद्धीवर आहात ना? बरं. कागदावर घेतलं असं आहे. बरोबर?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पंपवाला खाटेच्या पायाशी उभा होता.

"घेतलं असेल," ती म्हणाली.

"असेल म्हणजे? दुसऱ्या कोणाचं सांगताय का?"

"घेतलं."

"कशापायी?"

कशापायी ते तिला सुचेना. खोटं बोलायची सवय नव्हती. ती छताकडे बघत कारण शोधत राहिली, आणि ते शोधणं पंपवाल्याला बघवेना. तिच्या साऱ्या संसारात औषध घ्यावं असं एकही कारण तिला सापडत नव्हतं, आणि त्याच्यासाठी ती ते हुडकत होती.

"लागलं," तो म्हणाला. "साहेब, तिला लागलं. मी ढवळायला लावलं. उघड्या हातानं. दोन औषधं मिसळली मी, टाकीला तीन-चार झाकणं घातली. चरचरतंय म्हणाली तरी ढवळ म्हणालो."

हवालदारानं वहीवरून मान उचलली. "मग तीन दिवस काय झोपला होता का? आता हा सगळा कागद परत करायचा."

"परत करा."

त्यानं सगळं सांगितलं. हवालदारानं लिहून घेतलं, वैतागून दोनदा खोडलं, त्याचा अंगठा घेतला आणि पुढच्या खाटेकडे गेला. पंपवाल्याला वाटलं, आता बायको काहीतरी बरं बोलेल. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

"दारात ऐकू येत होतं मला," ती म्हणाली. "बोलता येत नव्हतं. ऐकू येत होतं. मळेवाला बोलला तेही. तुम्ही काही बोलला नाहीत तेही."

तो खाटेच्या पायाकडून तिच्या उशाशी आला.

"मी म्हटलं, आता बोलतील. नळी घालत होते तेव्हाही म्हटलं, आता बोलतील." तिला खोकला आला. तिनं तो कसाबसा आवरला. "पाणक्याच्या वेळी पण असंच केलंत ना?"

हा प्रश्न तिनं दोन वर्षांत कधी विचारला नव्हता. तो दोन वर्षं त्याचीच वाट चुकवत बांधाबांधानं फिरत होता.

"त्याला पण चरचरत होतं," तो म्हणाला. "मी ढवळ म्हणालो. दुपारी गरगरतंय म्हणून घरी गेला. घरून इथंच आणत होते. वाटेतच गेला. विचारलं तेव्हा मी म्हणालो, माझ्याकडून निघाला तेव्हा ठीक होता."

तिनं तोंड परत त्याच्याकडे फिरवलं. मग म्हणाली, "चार दिवसांनी मला सोडतील. मी घरी येईन ती त्याच्या दारावरून येईन. बांधानं येणार नाही. तुम्ही आधी त्या दारात जा. मी रस्त्यावर उभी राहीन."

चार दिवसांनी ती बसमधून उतरली. पाय लटपटत होते, हाताला पट्टी होती. त्यानं आधार द्यायला हात पुढे केला, तो तिनं घेतला, कारण घ्यावाच लागला असता. पाणक्याच्या घराच्या वळणावर मात्र तिनं तो सोडला आणि कुंपणाला धरून उभी राहिली.

दोन खोल्यांचं घर. पुढच्या भिंतीवर दोन ठिकाणी धुराचे काळे पट्टे होते, कारण आत दोन चुली होत्या. पाणक्या गेला त्या महिन्यापासून म्हातारीनं आपली चूल वेगळी मांडली होती. सुनेच्या हातचं ती खायची नाही, तिच्याशी बोलायची नाही. हे सगळ्या गावाला माहीत होतं.

पाणक्याची बायको ओसरीवर कपाशी निवडत होती. त्याला बघून ती उठली.

"भाऊजी? तुमची वाट चुकली की काय?"

"वहिनी," तो म्हणाला, "त्यानं घेतलं नव्हतं."

तिला कळलं नाही.

"पाणक्यानं. औषध घेतलं नव्हतं त्यानं. लागलं होतं. माझ्याकडे. मी ढवळायला लावलं होतं."

ती परत खाली बसली. हातातल्या बोंडातला कापूस तिनं ओढून काढला, टोपलीत ठेवला, दुसरं बोंड घेतलं. मग ते तसंच हातात राहिलं.

"त्या दिवशी मी त्यांना डबा दिला नव्हता," ती म्हणाली. "पत्रा आणायला सांगितला होता, तो चार वेळा विसरले. मी म्हटलं, पत्रा आणाल तेव्हा जेवाल. उपाशी गेले. आत्याबाईंनी ते ऐकलं होतं." तिनं त्याच्याकडे पाहिलं. "दोन वर्षं मला वाटतंय, एका डब्यापायी गेले. त्यांनाही तसंच वाटतंय."

"डब्यापायी नाही."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं."

ती त्याला मारेल असं त्याला वाटलं, आणि तिनं मारावं असंही वाटलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि घरात वळून हाक मारली, "आत्याबाई!"

आतला भांड्यांचा आवाज थांबला. दोन वर्षांत ही हाक त्या घरात पडली नसावी. बऱ्याच वेळानं म्हातारी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. सुनेकडे न बघता तिनं पंपवाल्याकडे पाहिलं.

"काय म्हणतोय हा?" तिनं हवेलाच विचारलं.

"मला नाही, त्यांना सांगा," पाणक्याची बायको म्हणाली. "आणि मोठ्यानं सांगा. त्यांना ऐकू कमी येतं."

रस्त्यानं पाण्याला निघालेल्या बाया थबकल्या होत्या. समोरच्या ओट्यावर दोघे-तिघे बसले होते, त्यांतला एक मळेवाल्याबरोबर इस्पितळात आलेला. पंपवाल्यानं त्या सगळ्यांकडे पाहिलं, मग वळणाकडे पाहिलं. बायको कुंपणाला धरून उभी होती.

त्यानं घसा खाकरला. "त्यानं घेतलं नव्हतं," तो म्हणाला. "लागलं होतं. माझ्या हातून झालं ते."

"आँ?" म्हातारीनं कानामागे तळवा धरला.

त्यानं परत सांगितलं, वळणापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.